डार्ट नदीकाठचे खून

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे डेव्हन नावाचा परगणा आहे. दाट साय, सफरचंदाची दारू आणि लठ्ठ गाई यांबद्दल त्याची ख्याती. रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाने मुकाट्याने मागे सरावे; आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे हिरवे कुंपण, त्यामुळे पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसू नये. माणसे अदबशीर, बोलणे हळू. अशा या सोज्वळ मुलखात गेल्या सव्वाशे वर्षांत कागदावर जेवढे मुडदे पडले, तेवढे खुद्द लंडनमध्ये तरी पडले असतील की नाही याची मला शंका आहे.

या प्रकरणाची मुख्य साक्षीदार म्हणजे डार्ट नदी. डार्टमूर नावाच्या उजाड पठारावर ती उगम पावते आणि डार्टमथ गावाशी समुद्राला मिळते. आपल्या हिशेबाने तिला नदी म्हणावे की ओढा असा प्रश्न पडेल. उगमापासून मुखापर्यंत पुरते पन्नास मैलही नाहीत. पण तिच्या वरच्या अंगाला आर्थर कॉनन डॉयलने आपला तो अक्राळविक्राळ कुत्रा सोडला, आणि खालच्या अंगाला अगाथा ख्रिस्तीबाई घर घेऊन राहिल्या. रहस्यकथा वाचणाऱ्याला याहून मोठे तीर्थक्षेत्र ते कोणते?

माझा भाचा नोकरीनिमित्त प्लिमथला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे सौ. आणि मी आठ दिवस जाऊन आलो. सौ. ही रहस्यकथांची पट्टीची वाचक. पण तिची वाचण्याची रीत मला लग्नापासून खटकत आली आहे. ती शेवटचे प्रकरण आधी वाचते. खुनी कोण ते कळले की उठून चहा टाकते, आणि मग पहिल्या पानापासून निवांत सुरुवात करते. "कुणी केलं ते एकदा कळलं ना, की कसं जमवलं ते नीट बघता येतं," असे तिचे म्हणणे. वाचकांनी मात्र घाबरू नये. या लेखात खुनी कोण ते मी कोठेही सांगणार नाही, सौ.ला लेख आधी दाखवून ती खात्री करून घेतली आहे.

आम्ही गिरगावात वाढलेली मुले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचनालयातून आणायचे, रात्रीतून संपवायचे आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणायचे, असा आमचा नेम होता. पुढे इंग्रजी पुस्तके हाती आली. या सगळ्या वाचनातले खुनी आता मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही आठवत नाहीत. जागा मात्र आठवतात. ती दलदल आठवते, ते बेट आठवते, नदीकाठचे ते कुलूपबंद बोटघर आठवते. मनुष्य विसरावा आणि चिखल लक्षात राहावा, हे असे का होते? त्या जागा खऱ्याच आहेत असे ऐकले होते. तेव्हा प्रत्यक्ष पाहूनच या प्रश्नाचा निकाल लावावा असे मनात होते.

प्लिमथहून प्रिन्सटाउनला जायला मोटारीने अर्धापाऊण तास लागतो. चढ संपत येतो तसे कुंपण संपते, झाडे संपतात, आणि एकाएकी काहीच उरत नाही. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे, मोकळी चरणारी ठेंगणी तट्टे, आणि दूर टेकड्यांच्या माथ्यांवर ग्रॅनाइटच्या शिळांच्या उतरंडी. या उतरंडींना तिकडे 'टॉर' म्हणतात. हवा तर अशी की गाडीतून उतरलो तेव्हा ऊन होते, आणि स्वेटरात दुसरा हात घालीपर्यंत धुके आले.

"मामा, ही इथली नेहमीची गंमत," भाचा म्हणाला. "इथं लोक छत्री आणत नाहीत. वारा ठेवतच नाही."

प्रिन्सटाउन समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 फूट उंचीवर आहे. गाव कसले, तुरुंगाच्या सोबतीला वसलेली वस्ती. या वस्तीतल्या डची हॉटेलात 1901 च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन मित्र उतरले. एक डॉयल. दुसरा बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन नावाचा तरुण पत्रकार. त्याचे घर याच डेव्हनमध्ये. दक्षिण आफ्रिकेच्या लढाईवरून परतताना 1900 साली बोटीवर दोघांची ओळख झाली होती. पुढे नॉरफोकच्या किनाऱ्यावर सुटीत असताना रॉबिन्सनने भुताच्या कुत्र्याची एक दंतकथा सांगितली, आणि डॉयलने कान टवकारले. डॉयलची गंमत अशी, की त्याने शेरलॉक होम्सला 1893 साली धबधब्यात ढकलून आपला जीव सोडवून घेतला होता. ही नवी गोष्टही आधी होम्सवाचूनच लिहायची होती. पण अशा गूढाला कोणीतरी खंबीर माणूस हवा, आणि तो तर तयार होता! संपादकाकडे त्याने दर मागितला म्हणतात तो असा: होम्स नसेल तर हजार शब्दांना पन्नास पौंड, होम्स असेल तर शंभर. संपादकाने काय निवडले ते जगाला ठाऊक आहे. ऑगस्ट 1901 पासून 'स्ट्रँड' मासिकात 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' सुरू झाली.

पण मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. या हॉटेलातून डॉयलने आपल्या आईला पत्र लिहिले, आणि एका दिवसात आपण चौदा मैल पठार तुडवले असे कळवले. हे चौदा मैल पुढे कादंबरीत पानोपानी उतरले आहेत. त्याआधी 1892 साली डॉयलने याच डार्टमूरवर घोड्याच्या चोरीची एक कथा रचली होती. 'सिल्व्हर ब्लेझ' तिचे नाव. तीत टॅव्हिस्टॉक हे गाव त्याने पठाराच्या ऐन मध्यावर बसवले आहे, ढालीच्या मधल्या गोळ्यासारखे. प्रत्यक्षात ते पठाराच्या पश्चिम काठाला, खाली दरीत आहे. कथा झकास आहे, पण तीतली जमीन सपाट कागदाची आहे. तिच्यावर चालताना बूट ओला होत नाही. 1901 सालच्या पुस्तकात तो ओला होतो.

तो कसा होतो, हे आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले. प्रिन्सटाउनच्या आग्नेयेला अडीच-तीन मैलांवर फॉक्स टॉरची दलदल आहे. कादंबरीतली ग्रिम्पेनची दलदल ती हीच असे बहुतेक सगळे मानतात. वरून पाहिले तर एक भलीमोठी परात दिसते, हिरव्या गवताने भरलेली. त्यातले काही हिरवे ठिपके इतके गोजिरवाणे की तिथे सतरंजी टाकून बसावे असे कोणालाही वाटेल. नेमके तेच टाळायचे! गवताखाली कुजलेल्या शेवाळाचा थर आणि त्यात साठलेले पाणी. भाच्याने काठी खुपसली. ती हातभर आत गेली आणि काढताना 'पच्‌' असा अगदी ओंगळ आवाज झाला. कडेच्या जागीसुद्धा पाय आपटला तर भोवतालची जमीन ताटातल्या खरवसासारखी थरथरते. तट्टू गिळले जाण्याचा प्रसंग कादंबरीत आहे. माणूस पुरता गडप होण्याइतकी ही दलदल खोल नाही, असे जाणकार सांगतात. ते खरेही असेल. पण संध्याकाळी पाचला धुके उतरत असताना तिथे उभे राहून जाणकारांवर विश्वास ठेवायला छाती लागते.

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथं कुणी कुणाला मारायलाच नको. नुसतं हाक मारून बोलवायचं."

तिने सहज म्हटले, पण त्या कादंबरीचे मर्म त्या वाक्यात आहे. बाकीच्यांना जी जमीन जमीन वाटते ती जमीन नव्हे, आणि वाट ठाऊक असलेल्या एखाद्यालाच हे माहीत, अशी जागा डॉयलला या परातीच्या काठावर सापडली. दलदलीच्या काठाला व्हाइटवर्क्स नावाच्या कथलाच्या खाणीचे अवशेष आहेत. कादंबरीतही पडकी कथलाची खाण आहे, पण ती त्याने काठावरून उचलून थेट दलदलीच्या पोटात नेऊन ठेवली.

या उचलाउचलीत डॉयलचा हात धरणारा कोणी नाही. तेथून ईशान्येला सरळ रेषेत आठ मैलांवर ग्रिम्सपाउंड आहे. कांस्ययुगातली, तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. एक मोठी गोल दगडी भिंत आणि तिच्या आत चोवीस झोपड्यांची वर्तुळे. होम्स अशाच एका दगडी झोपडीत लपून राहिला होता. आम्ही त्यातल्या एका वर्तुळात जाऊन बसलो. भिंत गुडघ्याएवढी, छप्पर नाही, दाराशी दोन उभे दगड. वारा चारी बाजूंनी. 1894 साली संशोधकांनी त्यातली एक झोपडी थोडीफार पुन्हा रचून ठेवली, पण तिच्यातही होम्ससाहेबांची एक रात्र निभली नसती. पडशाने शिंकून त्यांनी स्वतःचाच ठावठिकाणा सांगितला असता. डॉयलने झोपडीला पुरेसे छप्पर दिले, आणि दलदल, झोपड्या, वाडा ही सारी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आणली. उलट तुरुंग, जो खऱ्या दलदलीपासून तीन मैलांच्या आत आहे, तो कादंबरीत वाड्यापासून चौदा मैल लांब लोटला. त्याने सोयीप्रमाणे नकाशा कातरला. पण चिखलाला हात लावला नाही, धुक्याला लावला नाही, आणि पठारावर मैलोगणती आडोसा नाही या गोष्टीलाही लावला नाही. माझ्या मते खरी जागा वापरणे म्हणतात ते हेच. रस्ते आणि अंतरे लेखकाची. जागेचा स्वभाव मात्र जागेचाच राहू द्यावा.

तुरुंगाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. कादंबरीत तिथून सेल्डन नावाचा खुनी पळतो आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो. खऱ्या तुरुंगाची हकीकत अंगावर काटा आणणारी नाही, नुसती जड आहे. 1806 साली त्याचे बांधकाम सुरू झाले ते चोरदरोडेखोरांसाठी नव्हे, तर नेपोलियनच्या लढायांतल्या फ्रेंच कैद्यांसाठी. 1809 पासून ते येऊ लागले. मागून अमेरिकन खलाशी आले. गावातले देऊळ याच युद्धकैद्यांच्या हातून बांधले गेले आहे. 1815 च्या एप्रिलात, लढाई संपून तहही झालेला असताना, पहारेकऱ्यांनी गोळीबार केला आणि घरी जायची वाट पाहणारे सात अमेरिकन ठार झाले. थंडीने आणि साथींनी मेलेल्या फ्रेंच आणि अमेरिकन कैद्यांची दफनभूमी तुरुंगामागे आहे. सक्तमजुरीचे गुन्हेगार आले ते 1850 नंतर. 2024 साली ग्रॅनाइटच्या जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूमुळे तिथले सगळे कैदी दुसरीकडे हलवावे लागले. डॉयल ज्या हॉटेलात उतरला त्या इमारतीत पुढे राष्ट्रीय उद्यानाचे माहितीकेंद्र झाले, आणि तेथून तुरुंग हाकेच्या अंतरावर. डॉयलला रात्री खिडकीतून काय दिसले असेल याचा मी विचार करीत होतो. त्याने एकच पळालेला कैदी उचलला, आणि बाकीचे शेकडो तिथेच ठेवले. रहस्यकथेला एक मुडदा पेलतो. इतके नाही पेलत.

पठारावरून खाली उतरले की बकफास्टली नावाचे गाव लागते. टेकडीवर जवळजवळ दोनशे पायऱ्या चढून गेले की जुने चर्च. 1992 साली ते जळाले. आता भिंती आणि मनोरा तेवढा उभा आहे. आवारात रिचर्ड कॅबेल या जमीनदाराचे थडगे आहे. हा 1677 साली मेला. मनुष्य दुष्ट होता, आणि तो मेला त्या रात्री काळे कुत्रे आग ओकत पठारावरून भुंकत आले, अशी आख्यायिका. पुन्हा उठून येऊ नये म्हणून गावकऱ्यांनी त्याच्यावर जड शिळा ठेवली आणि भोवती गजांची चौकी बांधली म्हणे! हीच बास्करव्हिल घराण्याची मूळ कथा, असे पुष्कळांचे मत. नॉरफोकचे लोक मात्र आपल्याकडच्या कुत्र्याचा हक्क सोडायला तयार नाहीत. भाच्याने सौ.ला गजांतून बोट घालायला सांगितले. तिने त्यालाच पुढे केले.

कॅबेल दुष्ट होता की नाही हे आता तपासणार कोण? पण नावांच्या बाबतीत एका गरीब माणसाची हकीकत मला फार आवडते. रॉबिन्सनच्या घरी, इपल्पेन गावात, गाडीवान होता. त्याचे नाव हॅरी बास्करव्हिल. दोन मित्रांना पठारावर हिंडवायला गाडी हाकायचा तो हाच, आणि त्याचे आडनाव जगभर शापित म्हणून गाजले. पुस्तक निघाल्यावर रॉबिन्सनने त्याला एक प्रत दिली आणि नाव वापरल्याबद्दल तीवर माफी लिहून दिली. हा गाडीवान 1962 पर्यंत जगला. रॉबिन्सन स्वतः मात्र 1907 साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी विषमज्वराने गेला. पुढे कोणीतरी अशीही आवई उठवली की डॉयलनेच त्याला विष घातले. रहस्यकथांच्या वाचकांना साध्या तापाने माणूस मेलेला खपत नाही, त्याला इलाज नाही.

पठाराच्या पूर्व काठाला हेटॉर आहे. 1916 साली, पहिल्या महायुद्धात, टॉर्कीच्या इस्पितळात औषधे देता देता विषांची ओळख झालेली एक तरुण बाई आईच्या सांगण्यावरून तेथल्या हॉटेलात पंधरा दिवस येऊन राहिली. सकाळी लिहायचे, दुपारी पात्रांचे संवाद पुटपुटत एकटीने माळावर भटकायचे. असे करून तिने आपली पहिली कादंबरी पुरी केली. अगाथा ख्रिस्ती. त्या कादंबरीत डार्टमूर नाही. ते आले 1931 साली, 'द सिटफर्ड मिस्टरी'त, आणि कसे आले पाहा: बर्फ पडून रस्ते बंद झाले आहेत, एका वस्तीवरून गावात जायला सहा मैल पायी तुडवावे लागतात, आणि त्याला किती वेळ लागेल यावर सारा हिशेब. डॉयलने पठाराचा चिखल घेतला होता. बाईंनी त्याचे मैल घेतले.

आता नदीबरोबर खाली. फॉक्स टॉरच्या दलदलीतून स्विनकोम नावाचा ओढा निघतो, तो पश्चिम डार्टला मिळतो; दोन्ही डार्ट पुढे एक होतात आणि डोंगर उतरून रुंद, संथ, झाडीतल्या खाडीचे रूप घेतात. म्हणजे ग्रिम्पेनचे पाणीच शेवटी ग्रीनवेच्या बोटघराखालून वाहते. हे मी सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्यात नवल काय? माहेरचंच पाणी."

डिटिशमच्या धक्क्यावर एक घंटा टांगली आहे. पलीकडे जायचे असले की ती वाजवायची, होडी येते. ख्रिस्तीबाईंच्या 1958 सालच्या 'ऑर्डील बाय इनोसन्स'ची सुरुवातही अशाच तरीवरून होते. पलीकडच्या तीरावर झाडीत चढून गेले की ग्रीनवे. पांढरा, प्रशस्त, जुन्या बांधणीचा बंगला. टॉर्कीचे आपले जन्मघर विकून बाईंनी आणि त्यांचे दुसरे यजमान, पुराणवस्तुसंशोधक मॅक्स मॅलोवन यांनी 1938 साली तो सहा हजार पौंडांना घेतला. ते जन्मघर पुढे पाडले गेले, ग्रीनवे वाचले. दुसऱ्या महायुद्धात त्यात अमेरिकन नाविक येऊन राहिले आणि त्यांच्यातल्या एकाने ग्रंथालयाच्या भिंतीवर वरच्या अंगाला आपल्या तुकडीच्या मोहिमांची चित्रपट्टी रंगवली. बाईंनी ती पुसू दिली नाही. आजही ती तेथे आहे. 2000 साली कुटुंबाने ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली, आणि 2009 पासून घर आतून पाहता येते. पुस्तके, टोप्या, मातीची भांडी, पत्त्यांची टेबले. जणू घरची माणसे बागेत गेली आहेत आणि चहाला परत येतील.

आम्ही मात्र थेट बोटघराकडे निघालो. बागेतून उताराची पायवाट आहे, वळणावळणांनी नदीकाठी जाते. शेवटच्या वळणापर्यंत बोटघर दिसत नाही. आत एक खोली, समोर सज्जा, आणि सज्ज्यासमोर फक्त पाणी. 1956 सालच्या 'डेड मॅन्स फॉली'त बंगल्यावर जत्रा भरते, खोट्या खुनाचा शोध लावण्याचा खेळ ठेवलेला असतो, आणि प्रेत म्हणून झोपायचे काम मिळालेली शाळकरी मुलगी या बोटघरात खरोखरच मेलेली सापडते. सज्ज्यात उभे राहिल्यावर कळते की बाईंनी हीच जागा का धरली. घरातून इथे कोणी पाहू शकत नाही. नदीतून मात्र कोणीही येऊ शकतो. कादंबरीत तर शेजारच्या वसतिगृहातले परके तरुणही बागेतून बिनदिक्कत ये-जा करतात. म्हणजे ही दलदलीच्या अगदी उलट जागा. तिथे वाट एकालाच ठाऊक. इथे दारे इतकी की पोलिसाने कोणत्या दाराशी उभे राहावे तेच कळू नये.

या कादंबरीची पूर्वपीठिका आहे. शेजारच्या चर्स्टन फेरर्सच्या चर्चला रंगीत काचांची खिडकी देण्यासाठी बाईंनी 1954 साली एक लघुकादंबरी लिहिली, तीत घराचे नाव 'ग्रीनशोर' ठेवले होते. ग्रीनवेवर पातळसा पदरच तो! ती तशी छापली गेली नाही. वाढवून कादंबरी केली तेव्हा घराचे नाव 'नास हाउस' झाले, आणि मूळ लघुकादंबरी 2014 साली, बाई जाऊन अडतीस वर्षांनी, पुस्तकरूपाने आली. आपल्या राहत्या घरात, ज्या बागेत आपली लेक आणि नातू वावरतात त्या बागेत, एका पोरीचा खून रचायचा, आणि संध्याकाळी त्याच बागेत बसून चहा घ्यायचा. मी हे म्हटल्यावर सौ. म्हणाली, "त्यात काय? घर ज्याला नीट ठाऊक असतं त्यालाच कळतं, कुठल्या कोपऱ्यात हाक ऐकू जात नाही." चाळीस वर्षांच्या संसारानंतर हे वाक्य ऐकून मी जरा दचकलोच.

शेवटचा दिवस बर्ग बेटासाठी राखून ठेवला होता. हे डार्टकाठी नाही. पश्चिमेला, बिगबरीच्या किनाऱ्यासमोर आहे. आपल्यापैकी ज्यांनी अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिला आहे त्यांना याचे वर्णन करायला नको. ओहोटीला वाळूवरून चालत जावे, भरतीला वाट पाण्याखाली. फरक एवढाच की अलिबागेला घोडागाडी किंवा होडी, आणि इथे समुद्रातला ट्रॅक्टर: चार उंच चाके, त्यांच्यावर माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढ्या उंचीवर कठड्याचा चौथरा, आणि त्यावर उभे असलेले उतारू. लाटांतून तो धिम्या गतीने असा येतो की जणू गच्चीच चालत निघाली आहे. बेटावर 1929 साली बांधलेले पांढरेशुभ्र, कोरीव रेषांचे हॉटेल आणि एक फार जुनी दारूची खानावळ. ख्रिस्तीबाई इथे उतरत असत.

या एकाच बेटावरून त्यांनी दोन कादंबऱ्या काढल्या, आणि त्या शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. 1939 सालच्या 'अँड देन देअर वेअर नन'मध्ये दहा माणसे बेटावर येतात. तिथे बाईंनी काय केले? वाळू काढून टाकली! बेट किनाऱ्यापासून आत लोटले, होडीशिवाय गत्यंतर ठेवले नाही, आणि वर वादळ आणले. आता बाहेरून कोणी येणार नाही, आतून कोणी जाणार नाही. जो कोणी आहे तो या दहांतच. घर मात्र त्यांनी जुनेपुराणे, कुरकुरणाऱ्या जिन्यांचे केले नाही. नवे, लख्ख, विजेच्या दिव्यांचे केले. लपायला कोपरा नाही, आणि म्हणूनच ते भयंकर. हे पांढरे हॉटेल दुपारच्या उन्हात पाहिले की ती कल्पना कोठून आली असावी ते उमगते.

दोनच वर्षांनी, 1941 साली, 'ईव्हिल अंडर द सन'. पुन्हा तेच बेट. या खेपेला वाळू परत आली, भरती-ओहोटी परत आली, सुटीतली गर्दी आली. इथे बेट बंद नाही, अर्धवट उघडे आहे. कोण किती वाजता कोठे होते, कोणत्या कपारीतल्या पुळणीवर ऊन केव्हा येते, हा सगळा घड्याळाचा मामला. प्वारो सुरुवातीलाच किनाऱ्यावर पडलेल्या माणसांकडे पाहून नाक मुरडतो: उन्हात ओळीने आडवी झालेली ही शरीरे, यांना चेहरा म्हणून नाहीच! आम्ही गेलो त्या दिवशी बिगबरीच्या वाळूवर तशीच शेदीडशे शरीरे पालथी पडली होती. सौ.ने त्यांच्याकडे इतक्या बारकाईने पाहायला सुरुवात केली की भाच्याने तिला हळूच बाजूला घेतले.

"मामी, लोक बघतायत."

"मी कुठं लोकांना बघतेय? कोण हलत नाही तेवढं बघतेय."

माझ्या मनात मात्र ती काढलेली आणि परत घातलेली वाळू घोळत होती. जागा तीच, लेखिका तीच; पण वाट आहे की नाही एवढ्या एका फरकाने एका पुस्तकात भीती झाली आणि दुसऱ्यात कोडे. आम्ही खुनी विसरतो याचे कारणही मला इथेच सापडले. खुनी शेवटच्या प्रकरणात एकदाच कळतो. वाळू, चिखल, नदी यांच्याशी मात्र वाचक पहिल्या पानापासून झगडत असतो. पानोपानी त्याच्या मनात एकच असते, इथून निसटता येईल का?

चार वाजता भरती सुरू झाली. बर्गला पाणी एका बाजूने चढत नाही. बेटाला वळसा घालून ते दोन्हीकडून येते, आणि मधल्या वाळूवर दोन पातळ पदर एकमेकांकडे सरकत राहतात. मधला कोरडा पट्टा आधी रस्त्याएवढा, मग पायवाटेएवढा, मग सतरंजीएवढा. लहान मुले त्या पट्ट्यावरून शेवटपर्यंत इकडून तिकडे धावत होती आणि आया ओरडत होत्या. मग दोन्ही पाणी एकमेकांना भिडले. आवाजसुद्धा झाला नाही. पलीकडे हॉटेलच्या खिडक्यांत दिवे नव्हते लागले अजून. सौ.ने पिशवीतून पुस्तक काढले, त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर घड्याळात पाहून वेळ टिपून ठेवली, आणि भाच्याला विचारले, "रात्रीचा शेवटचा ट्रॅक्टर किती वाजता असतो रे?"